चष्मा न लावता लावता येईल असा गाण्यांचा डबा

पहाटे पाचची वेळ. आईनं अंघोळ आटपून देवघराशेजारच्या कोनाड्यातला नवा कोरा स्पीकर चालू केला, आणि आतून एक बाई सगळ्या ताकदीनिशी इंग्रजीत ओरडली. ब्लूटूथ जोडणीला तयार आहे, असं काहीसं. तिच्यामागोमाग भूपाळी लागायची, तर ढोलकीचा कडकडाट आणि ठसक्यात लावणी. मी माडीवरून धावत खाली आलो. आई हातात उदबत्ती घेऊन उभी.

"ह्यो डबा इंग्रजीत वरडालाय बघ," ती म्हणाली. "आणि देवाम्होरं ह्ये काय लावून ठेवलंयस?"

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात आलेला तो दुसरा प्लेअर. पहिला टचस्क्रीनचा होता, तो महिन्याभरात कपाटात गेला. तिसरा मात्र दोन वर्षं झाली, रोज वाजतोय. आईचं वय पंचाहत्तर, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, बोटांचे सांधे धरलेले. तिच्या पाठोपाठ गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना आणि तालमीतल्या एका वस्तादांना मीच प्लेअर निवडून, भरून दिला. त्या खटाटोपात जे कळलं ते इथं क्रमानं लिहितो.

खोक्यावर "वापरायला सोपा" असं छापलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा "बटणं कमी" एवढाच असतो. पण बटणं कमी करायची म्हणजे एकेका बटणावर तीन-तीन कामं लादायची, आणि घोळ तिथंच होतो. माझी मोजपट्टी वेगळी आहे. डबा बंद असताना हात लावल्यापासून हवं ते गाणं लागेपर्यंत किती वेळा दाबावं लागतं, आणि त्यातल्या किती दाबांना चष्मा लागतो? दुकानात हे दोन आकडे मोजायचे. बाकी सगळं नंतर.

आधी दोन दिवस नुसतं बघा

ज्याच्यासाठी घ्यायचं त्या माणसाला न सांगता त्याच्याकडे दोन दिवस लक्ष द्या. टीव्हीचा रिमोट कसा धरतात? बटण अंगठ्यानं दाबतात की तर्जनीनं? दाबल्यावर बोट लगेच उचलतात की तसंच ठेवतात? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण माझा दुसरा प्लेअर त्यानंच बाद झाला. आई बटण दाबून धरते. "दाबलं का न्हाई कळाय नको?" असं तिचं म्हणणं.

टचस्क्रीन का चालला नाही, तेही तेव्हाच कळलं. हा पडदा बोटाचा दाब ओळखत नाही. बोटातून वीज थोडीफार वाहू शकते, त्यामुळे काचेवरच्या विद्युतक्षेत्रात जो फरक पडतो तो ओळखतो. भाकऱ्या थापून, भांडी घासून राठ आणि कोरडी झालेली बोटं त्याला नीट जाणवत नाहीत. आई चार वेळा टेकवायची, पाचव्यांदा दोन गाणी पुढं जायची. त्यात तिचा काही दोष नव्हता, पण तिला मात्र वाटायचं की आपल्यालाच जमत नाही. या वयात असं दोन-तीनदा वाटलं की माणूस त्या वस्तूला पुन्हा हात लावत नाही.

कानांचं तसंच. वय वाढतं तशी आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येण्याची ताकद कमी होते. स, श, फ, थ ही अक्षरं तिथंच असतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अशा कानांना धमधम करणारा "एक्स्ट्रा बास"वाला स्पीकर म्हणजे पाण्यात बुडवलेलं भजन. दुकानदार कौतुकानं तोच वाजवून दाखवतो. तुम्ही त्याला बातम्या लावायला सांगा. निवेदकाचे शब्द चार हातांवरून स्वच्छ कळले तर अभंगही कळेल.

मग तीन प्रश्न उरतात. ऐकणं एकाच जागी होतं की डबा हातात घेऊन स्वयंपाकघर, अंगण, माडी असं फिरायचं आहे? एकटं ऐकायचं की घरात सगळ्यांना ऐकू आलेलं चालतं? आणि रोज ठरलेली गाणी ठरलेल्या क्रमानं हवीत, की मनात येईल ते शोधून लावायचं असतं? यांची उत्तरं मिळाली की निम्मी दुकानं आपोआप गळतात.

बाजारात काय काय मिळतं

गाणी आधीच भरलेला डबा हा पहिला प्रकार. सारेगामानं २०१७ मध्ये 'कारवाँ' आणला, त्यात ५,००० जुनी हिंदी गाणी भरलेली होती. पुढं त्याचा मराठी अवतारही आला. दिसायला जुन्या रेडिओसारखा, फिरवायला गोल खटका. कार्ड भरण्याची कटकट नाही. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही, त्यामुळे जुना खजिना मोठा. घरातल्या माणसाची आवड त्या खजिन्यात मावत असेल तर तो घ्या आणि हा लेख इथंच बंद करा, मला राग नाही. अडचण एवढीच, की आतली यादी कंपनीची. आमच्या आजोळच्या भजनी मंडळाची कॅसेट त्यात नाही, आणि आईला तीच हवी असते. आपलं काही वाजवायचं तर पेनड्राइव्ह जोडावा लागतो.

दुसरा प्रकार मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह घेणारा छोटा स्पीकर किंवा रेडिओ. सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त जाती, आणि फसायला सर्वांत सोपा. आईचा सध्याचा याच घराण्यातला आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं यावरच.

तिसरा खिशातला, इअरफोनचा प्लेअर. या जातीचा राजा, अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड, ऑक्टोबर २००१ मध्ये आला आणि मे २०२२ मध्ये कंपनीनं तो बंद केला. कुणाच्या ड्रॉवरमध्ये जुना पडलेला असेल तर म्हाताऱ्यांच्या गळ्यात मारू नका. त्याची बॅटरी बहुधा मेलेली असते आणि गाणी भरायला कॉम्प्युटरवर खास सॉफ्टवेअर लागतं. शर्टाला अडकवायचे, खरी बटणं असलेले साधे क्लिप प्लेअर अजून मिळतात.

आमच्या मास्तरांना हाच दिला. अल्लादियाखाँसाहेब राजर्षी शाहूंच्या दरबारी गवई होते, तेव्हापासून या गावात जयपूर-अत्रौली घराण्याचे कानसेन आहेत, मास्तर त्यांतले. त्यांच्याकडे दोन टोकांचं गाणं आहे. जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवरून घेतलेले राग तीन-साडेतीन मिनिटांत संपतात, कारण तबकडीच्या एका बाजूवर मावायचं तेवढंच. आणि मैफलींची ध्वनिमुद्रणं चाळीस-पन्नास मिनिटांची. अशा श्रोत्याला एकच गोष्ट हवी. विलंबित ऐकता ऐकता डोळा लागला, प्लेअर बंद झाला, तर उद्या तिथूनच पुढं लागलं पाहिजे. पुष्कळ स्वस्त डबे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मास्तर म्हणाले, "तीन दिवस झाले, मी त्याच आलापात आहे."

चौथा प्रकार कुणी सुचवत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. साधा कीपॅड फोन, सिमकार्ड न घालता. पुष्कळ मॉडेल्समध्ये मेमरी कार्डची खाच, गाण्यांचा प्लेअर, एफएम, टॉर्च आणि चांगला खणखणीत स्पीकर असतो. बटणं खरी, अंगवळणी पडलेली. वस्तादांना तोच दिला. पोवाडे, कुस्तीची गाणी आणि रेडिओ. मैदानाला जाताना शर्टाच्या खिशात. "नवीन काय शिकायचंच न्हाई की ह्यात, नाद खुळा," एवढीच त्यांची पावती.

स्मार्टफोन काय वाईट आहे, असं मुलं विचारतात. वाईट नाही. पण अभंगाच्या मधोमध कर्जाच्या जाहिरातीचा फोन येतो, पडद्याला कुलूप लागतं, नेट संपतं. दाब मोजा: कुलूप, अ‍ॅप, शोध, यादी, गाणं. पाच, आणि पाचही चष्म्याचे.

दाब मोजताना कुठं बघायचं

स्वस्त स्पीकरवर हमखास एक बटण असतं ज्यावर अधिकचं चिन्ह आणि पुढं जाण्याचा दुहेरी बाण, दोन्ही छापलेले असतात. हलकं दाबलं तर पुढचं गाणं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. काहींमध्ये नेमकं उलट. आमची आई दाबून धरणारी. तिला पुढचं गाणं हवं असायचं आणि आवाज गगनाला भिडायचा, तो कमी करायला गेली की मागचं गाणं लागायचं. आवाजाची बटणं आणि गाण्याची बटणं वेगळी नसतील तर तो डबा खाली ठेवा, भाव विचारू नका. आवाजाला फिरवायचं चाक असेल तर उत्तमच. चाकाची जागा बोटाला कळते, आणि काल ठेवलेला आवाज आज तेवढाच राहतो.

दुसरा शत्रू "मोड" नावाचं बटण. दाबलं की ब्लूटूथ, मग एफएम, मग कार्ड, मग वायर, पुन्हा ब्लूटूथ. चुकून एकदा दाबलं गेलं की गाणं गायब, आणि परत यायला तीन दाब, कोणते ते माहीत नसताना. ज्यात कार्ड घातलेलं असेल तर चालू होताच सरळ कार्डच वाजतं, असा डबा बघा. ब्लूटूथ नसेल तर आणखी बरं.

चालू-बंदसाठी सरकवायचा खटका सर्वांत चांगला. तीन सेकंद दाबून धरा, निळा दिवा लुकलुकला की सोडा, हे आपल्याला जमतं. त्यांना नाही.

आता आईच्या तिसऱ्या डब्याबद्दल. तळहातापेक्षा थोडा मोठा, वर ओढायची एरियल, समोर लाल आकड्यांची पट्टी आणि शून्य ते नऊ अशी दहा बटणं. १२ दाबलं की कार्डावरचं बारावं गाणं लागतं. मी राजारामपुरीत एका दुकानात तो हातात घेतला तेव्हा एवढी बटणं बघून परत ठेवत होतो. आई शेजारी उभी होती. तिनं तो घेतला आणि फोन लावावा तसा अंगठ्यानं एक आकडा दाबला. ज्या पिढीनं लँडलाइनचे नंबर तोंडपाठ ठेवले तिला आकडे अवघड नसतात, अवघड असतात ती चिन्हं. त्रिकोण, दोन उभ्या रेघा, गोल फिरणारा बाण. चौदा बटणांचा डबा तिला चार बटणांच्या डब्यापेक्षा सोपा गेला. मी अकराशे पन्नास रुपये दिले, आणि घरी येताना मिरजकर तिकटीला तिनं मलाच विचारलं, "आधीच ह्यो का न्हाई आणलास?"

गाण्यांची नावं दाखवणारा रंगीत पडदा, रंगीबेरंगी दिवे, कराओकेचा माइक यांचे पैसे देऊ नका.

बॅटरी आणि चार्जिंग

मागचं झाकण उघडतं का बघा. अनेक छोट्या रेडिओ-स्पीकरमध्ये बीएल-५सी नावाची चपटी बॅटरी असते, पूर्वी नोकियाच्या फोनमध्ये असायची तीच. काहींत १८६५० सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून ते नाव. यांतलं काहीही असलं तर दोन-तीन वर्षांनी मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे बदलून मिळतं. बॅटरी आत कायमची बसवलेली असेल तर डब्याचं आयुष्य तिच्याएवढंच.

चार्जिंगची पिन टाइप-सी असेल तर ती उलटी घुसवून मोडण्याचा प्रश्न नाही, म्हाताऱ्या हातांना हे फार सोयीचं. एक गंमत मात्र माहीत असू द्या. काही स्वस्त डबे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या वायरीवर चार्जच होत नाहीत, कारण चार्जरला "मला वीज दे" असं कळवणारे बारीक रेझिस्टर कंपनीनं वाचवलेले असतात. डबा बिघडलेला नसतो. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन असलेली वायर आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावा, चालतं. हे कळायच्या आधी मी एक डबा परत करून बसलो. चार्जर विकत घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि "आर-" नं सुरू होणारा क्रमांक आहे का बघा. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो.

कार्ड: ३२ जीबी, त्याच्या वर नाही

साध्या दर्जाच्या, म्हणजे १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलीला मिनिटाला साधारण १ एमबी जागा लागते. पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीच्या आतबाहेर. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात सहा हजारांवर गाणी मावतात, वरच्या दर्जाची, ३२० केबीपीएसची असली तरी अडीच हजार. आई रोज ऐकते ती गाणी नव्वदच्या आत आहेत.

३२ जीबीवर थांबायचं खरं कारण वेगळं. तिथपर्यंतची कार्डं फॅट३२ नावाच्या मांडणीत येतात, ६४ जीबी आणि पुढची एक्सफॅटमध्ये. स्वस्त प्लेअरना एक्सफॅट वाचता येत नाही. कार्ड घातलं तरी डबा ढिम्म, आणि दुकानदार म्हणतो कार्ड खराब. शिवाय रस्त्यावर दोनशे रुपयांत मिळणारं १२८ जीबीचं कार्ड बहुतेकदा खोटं असतं. ते कॉम्प्युटरला १२८ सांगतं, पण खरी जागा भरली की पुढची गाणी हवेत जातात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण कार्ड भरून, परत वाचून खरं-खोटं सांगतं. नवीन कार्डावर तास-दोन तास ही परीक्षा घ्याच.

दुकानात जाताना खिशात काय न्यायचं

स्वतःचं एक भरलेलं कार्ड न्या. त्यात सहा गाणी, नावांपुढं ००१ ते ००६ असे आकडे टाकलेली, त्यातलं एक तीस मिनिटांचं. दुकानातल्या डेमोवर जाऊ नका, तो चांगलाच वाजतो.

कार्ड घाला, चालू करा. बाई ओरडते का? किती जोरात? ती बंद करता येत नसेल तर पहाटे उठणाऱ्या घरासाठी तो डबा बाद. मग तीस मिनिटांचं गाणं लावा, मध्यावर बंद करा, कार्ड न काढता पुन्हा चालू करा. तिथूनच लागलं का? आवाज होता तेवढाच राहिला का, की पुन्हा पूर्ण? आता डोळे मिटा आणि नुसत्या बोटांनी पुढचं गाणं लावून दाखवा. तुम्हाला जमलं नाही तर त्यांना जमणार नाही. दुकानदार हसेल, हसू दे. शेवटी आवाज पूर्ण वाढवून बातम्या ऐका, डबा थरथरतो का बघा.

शक्य असेल तर त्या माणसालाच बरोबर न्या, आणि दुकानात त्यांच्या हातात डबा देऊन तुम्ही गप्प बसा. हे सर्वांत अवघड काम आहे. तोंडातून "असं नाही, असं" निघतंच.

रेडिओ हवा असेल तर एक लक्षात ठेवा. इअरफोनच्या प्लेअरमध्ये इअरफोनची वायर हीच एरियल असते, ती काढली की एफएमची खरखर. ब्लूटूथच्या बिनवायरी इअरफोनवर म्हणूनच खिशातला एफएम धड लागत नाही. आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाड, आत कोल्हापूर आकाशवाणीचं १०२.७ धरायला ओढायची एरियलच लागली, आणि डबा खिडकीत ठेवावा लागला. आईचं माहेर सांगलीकडचं, तिनं लहानपणापासून सांगली केंद्र मीडियम वेव्हवर ऐकलेलं. नुसत्या एफएमच्या डब्यात मीडियम वेव्ह येत नाही, हे घेण्याआधी घरच्यांना सांगून टाका.

बिल घ्या. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

भरायचं कसं, आणि लावणी देवघरात कशी शिरली

मी गाण्यांना नीट आकडे दिले होते. तरी पहिली लावणीच लागली. कारण बरेच स्वस्त प्लेअर नावांकडे बघतच नाहीत. कार्डावर फाइलींची जी नोंदवही असते, तिच्यात ज्या क्रमानं नोंदी झाल्या त्याच क्रमानं वाजवतात, म्हणजे कॉपी झाल्याच्या क्रमानं. विंडोजमध्ये दहा फाइली निवडून ओढल्या की ज्या फाइलीला धरून ओढलं तीच आधी जाते. मी लावणीला धरलं होतं.

आणखी एक बारकावा. मधलं एखादं गाणं पुसलं आणि नंतर नवं घातलं, तर ते शेवटी न जाता पुसलेल्या नोंदीच्या रिकाम्या जागेत जाऊन बसू शकतं. म्हणून दुरुस्ती करत बसू नका. सगळी गाणी कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, ००१, ००२ असे तीन आकडी क्रमांक द्या (नुसते १, २ दिले तर १० कधीकधी २ च्या आधी येतं), कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि पूर्ण फोल्डर एकदम कॉपी करा. त्यावर ड्राइव्हसॉर्ट किंवा फॅटसॉर्टसारखं फुकट सॉफ्टवेअर चालवलं की नोंदवही नावांच्या क्रमानं लागते. मॅकवरून कॉपी केलं तर टिंबानं सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली कार्डात येतात. प्लेअर त्यांनाही गाणं समजतो आणि दर गाण्यामागं एक मुका नंबर येतो. त्या पुसून मगच क्रम लावा. फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा, देवनागरीच्या जागी या डब्यांना चौकोन दिसतात.

गाणी आणायची कुठून? घरातल्या सीडी कॉम्प्युटरवर एमपीथ्रीत काढता येतात. कॅसेट असेल तर टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या माइकला, आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतात, पळवाट नाही. भजनी मंडळाची कॅसेट मी एका रविवारी अशी उतरवली. मध्येच कुणीतरी "चहा ठेवा गं" म्हणतं, ते कापणार होतो. आईनं कापू दिलं नाही, तो मामीचा आवाज आहे.

पैसे भरून घेतलेल्या गाण्यांच्या अ‍ॅपमधून "डाउनलोड" केलेली गाणी कार्डावर नेता येत नाहीत. ती कुलूपबंद असतात आणि त्याच अ‍ॅपमध्ये वाजतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली भजनं बऱ्याचदा वेगळ्या प्रकारच्या फाइली असतात, त्या ऑडॅसिटीतून एमपीथ्री करून घ्या. कार्ड भरून देणारे दुकानदार असतात, पण ते कुणाच्या मालकीची गाणी विकतात हा प्रश्न आहेच, आणि ते भरतात तीन हजार गाणी. ज्या माणसाला नव्वद हवीत त्याला तीन हजार देणं म्हणजे ती नव्वद हरवणं.

शेवटचं काम एमपीथ्रीगेन. जुनी ध्वनिमुद्रणं हळू असतात, नवी कानठळ्या बसवणारी. हे सॉफ्टवेअर सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणतं, गाण्याचा दर्जा न बिघडवता. दर गाण्याला चाक फिरवायला लागलं तर सगळा सोपेपणा वाया.

पहिला आठवडा

एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला मी जाड स्केचपेननं यादी लिहिली. १ ते १५ पहाटेचं, १६ ते ४० अभंग, ४१ पासून नाट्यगीतं. देवघराच्या भिंतीवर चिकटवली. ५ च्या बटणावर एम-सीलचा बारीक ठिपका लावला, म्हणजे अंगठ्याला मधली जागा अंधारात सापडते. थांबवायच्या बटणावर आईनं स्वतःच खड्याची टिकली लावली. मोडचं बटण मी पुठ्ठ्याचा तुकडा आणि चिकटपट्टी लावून झाकून टाकलं.

शिकवताना एका दिवशी एकच गोष्ट. पहिल्या दिवशी फक्त चालू आणि बंद. दुसऱ्या दिवशी आवाज. नंबर तिसऱ्या दिवशी. पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगून मोकळं व्हायची घाई मी पहिल्या प्लेअरच्या वेळी केली होती.

इअरफोन वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एका कानानं कमी ऐकू येत असेल तर दोन कानांत वेगवेगळा आवाज देणाऱ्या गाण्यात त्या बाजूचं वाद्य नाहीसं होतं. गाणी भरतानाच ऑडॅसिटीत मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज, करून टाका. आणि आवाजाची मर्यादा: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, त्याहून मोठा आवाज असेल तर वेळ झपाट्यानं कमी. घरात मोजायची सोपी रीत अशी, की इअरफोन लावून बसलेल्या माणसाला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ऐकू आली पाहिजे.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याला ओल येते. कार्डाच्या पिवळ्या पट्ट्या काळवंडल्या की डबा गाणं ओळखत नाही, तेव्हा कार्ड काढून पट्ट्यांवरून पेन्सिलचं खोडरबर हलक्या हातानं फिरवा. आणि भरलेल्या कार्डाची दुसरी नक्कल करून तारीख घातलेल्या पाकिटात ठेवा. कार्ड मरतं तेव्हा सूचना देऊन मरत नाही.

नवी गाणी घालायची तर नेहमी शेवटी, पुढचा आकडा देऊन. मधे घातलं की मागचे सगळे नंबर सरकतात आणि भिंतीवरची यादी खोटी पडते. हे मी आईला समजावून सांगत होतो, तेव्हा तिनं यादीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"शेवटी कितवा हाय?"

"शहाऐंशी."

"मग सत्त्याऐंशीला ती घाल की. त्या दिवशी देवाम्होरं लागलेली." ती टिकलीवर अंगठा ठेवून डबा बंद करत म्हणाली, "दुपारचं ऐकतो की मी."